मालकाच्या रकान्यात पाध्ये

पाध्ये कुणाच्याही घरी गेले तरी एकदम पायरी चढत नसत. सायकल कुंपणाला टेकवायची, पँटच्या पायांना लावलेल्या क्लिपा तशाच ठेवायच्या आणि फाटकाबाहेर उभं राहून खणखणीत आवाजात विचारायचं, "कुत्रं आहे का? असलं तर कुणाचं आहे?" आतून कुणी म्हणालं, "या, या, काही करत नाही तो," तरी पाध्ये जागचे हलत नसत. म्हणत, "काही करत नाही हे तुमचं मत झालं. त्याचं मत काय आहे?"

मी भुसावळहून लग्न होऊन झाशीच्या रेल्वे कॉलनीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाध्ये आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. वाफेच्या इंजिनांचे दिवस होते. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत कोळशाची कणी बसायची. आमचे हे मालगाडीवर गार्ड, कधी कधी दोन दोन दिवस घराबाहेर. मी दाराआडूनच म्हटलं, "आमच्याकडे कुत्रं नाही." बाहेरून उत्तर आलं, "अजून नाही असं म्हणा, वहिनीजी. रेल्वेच्या क्वार्टरला कुत्रं आपोआप लागतं, भिंतीला ओल लागते तसं. लागलं की मला दफ्तरात खबर करा." 'वहिनीजी' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. वहिनीला 'जी' लावल्यावर तिचा मान वाढतो की ती परकी होते, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पाध्ये मूळचे झाशीच्याच खंडेराव गेटाजवळचे. त्यांचे पूर्वज इथल्या मराठी अमलात पूजाअर्चेसाठी आले आणि अंमल गेल्यावर परत जायचं विसरले, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या मराठीत एक शब्द पणजोबांचा, तर पुढचा मानिक चौकातल्या दुकानदाराचा असे. नवऱ्याला 'यजमान' म्हणत आणि त्याच दमात "यजमानांना फुरसत मिळाली की भेजा" म्हणत. बायको लवकर गेली होती, मुलगी सासरी. रांगेतल्या शेवटच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत आणि स्वतःचं हातानं करून खात. स्वयंपाक कसा करत, ते पुढे येईलच.

रेल्वेच्या आरोग्य खात्यात ते सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. गटारं, डास, पाण्याच्या टाक्या आणि कुत्री एवढं राज्य त्यांच्याकडे होतं. गटारांसाठी त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पोरं त्यांना 'कुत्तेवाले बाबूजी' म्हणत आणि आम्ही मराठी बायका पाठीमागे यमदूत म्हणत असू. तोंडावर अर्थात पाध्येसाहेब. कॉलनीचा नियम असा होता की, ज्यानं कुत्रं पाळलं त्यानं नोंद करायची, पितळी बिल्ला घ्यायचा आणि तो कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा. बिन बिल्ल्याचं दिसलं की पाध्यांचा हल्के नावाचा माणूस लांब दांड्याचा लोखंडी चिमटा घेऊन यायचा आणि ते हातगाडीवरच्या पिंजऱ्यात जायचं. तीन दिवसांत कुणी सोडवायला आलं नाही, तर पुढे काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

लोकांना वाटे हा माणूस कुत्र्यांचा वैरी असणार. तसं नव्हतं. त्यांना कुत्री आवडत नसत, हे खरं. पण नावडतही नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मी काय गटारांवर प्रेम करतो? तरी ती तुंबू देत नाही ना?" त्यांचं प्रेम होतं ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरवर. त्यात पाच रकाने : रंग, नर की मादी, वय, खूण आणि मालक. "पहिले चार रकाने कुत्रं बघून भरता येतात, वहिनीजी," ते म्हणत. "पाचव्याला माणूस लागतो. तिथे गाडी अडते."

गाडी कशी अडते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या समोरच्या सोमणबाईंनी मोठ्या हौसेनं एक कुत्रा पाळला, नोंद केली, बिल्ला आणला. महिन्याभरात हल्केनं तो कुत्रा उचलला. सोमणबाई रडतभेकत दफ्तरात गेल्या, सोबत म्हणून मलाही ओढलं. "अहो, बिल्ला आहे आमच्याकडे! चकचकीत आहे! हरवू नये म्हणून कपाटात, चांदीच्या भांड्यांच्या डब्यात ठेवलाय!" पाध्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "फार छान केलंत. आता त्या डब्याला कुणी बेवारस म्हणणार नाही." कुत्रा परत दिला त्यांनी, पण आधी घरून बिल्ला आणवला आणि स्वतः उभं राहून सोमणबाईंच्या हातानं गळ्यात बांधवला. मग म्हणाले, "पट्टा कुत्र्याच्या गळ्यात नुसता दिसतो. असतो तो मालकाच्या." सोमणबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बोलले नाहीत असे बरेच होते. बंगल्यांच्या बाजूला राहणाऱ्या एका बड्या अधिकाऱ्याचं झुबकेदार केसांचं कुत्रं एकदा बिल्ल्याशिवाय हल्केच्या चिमट्यात सापडलं. हल्के घाबरून म्हणाला, "बाबूजी, जौ तो साब को आय. छोड़ दें?" पाध्ये म्हणाले, "साहेबाचं आहे हे कुत्र्यानं सांगितलं की तू?" कुत्रं पिंजऱ्यात गेलं. साहेबाचा चपराशी आला. पाध्ये म्हणाले, सही मालकाची लागते, चपराशाची चालत नाही. शेवटी साहेब स्वतः आले आणि रजिस्टरमध्ये सही करून गेले. जाताना चार लोकांसमोर त्यांनी पाध्यांची पाठ थोपटली. "ऐसे ही मुस्तैद लोग चाहिए," म्हणाले. पाध्ये त्या दिवशी खूश होते. वरचे लोक पाठ थोपटतात तेव्हा ती कुठे आहे हे बघून ठेवतात, इतकं त्या भल्या माणसाला कळत नसे.

आता काळूबद्दल सांगायला हवं. आमच्या रांगेत एक ठार काळा कुत्रा होता. आम्ही मराठी त्याला काळू म्हणायचो, शेजारची मिश्राइन कल्लू म्हणायची आणि पलीकडे राहणारा गोरटेला इंजिन ड्रायव्हर त्याला ब्लॅकी म्हणायचा. तिन्ही नावांना तो सारखाच धावत यायचा. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की साडेसाती हलकी होते, अशी तिकडे समजूत. त्यामुळे दर शनिवारी अख्खी रांग काळूच्या मागे हात धुऊन लागायची. गुरुवारी पाळी माझी. दत्ताला दूध-पोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि काळूला घालायचा. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, तर दारातल्या एकाला उपाशी कसं ठेवायचं? काळू कॉलनीतल्या कित्येक साहेबांपेक्षा चांगलं जेवत होता. मात्र बिल्ला त्याला कुणी घेतला नाही. हल्केची गाडी वाजली की मिश्राइन त्याला आपल्या कोळशाच्या खोलीत कोंडायची आणि गाडी गेली की सोडायची.

पाध्यांना हे कळत नव्हतं असं नाही. एका गुरुवारी मी काळूपुढे ताटली ठेवत असताना ते फाटकाबाहेर थांबले. "वहिनीजी, कुत्रं पाळणं म्हणजे पोळी घालणं नव्हे. पोळी तर आपण श्राद्धाला कावळ्यालाही घालतो. कावळा पाळतो का आपण?" मी हसून म्हटलं, "पुण्य लागतं हो, पाध्येसाहेब." ते म्हणाले, "पुण्य तुम्हाला लागलं. कुत्रं कुणाला लागलं?" आणि सायकलवर टांग मारून गेले. मला फार राग आला होता. गरीब मुक्या जनावराच्या तोंडातला घासही या माणसाला खुपतो, असं मी यांच्यापाशी म्हटल्याचं मला आठवतं.

त्या वर्षी थंडीत माझी नणंद कुमुद पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. सासू-सासरे नव्हते, त्यामुळे माहेर म्हणजे आम्हीच. सातवा महिना होता. एका गुरुवारी मला चुलीपुढून उठायला सवड नव्हती, म्हणून मीच तिला म्हटलं, "कुमुद, तेवढी नैवेद्याची ताटली काळूला देऊन ये गं." ती गेली. ताटली ठेवली आणि तेवढ्यात कुठून तरी दुसरं कुत्रं आलं. दोघांची झोंबाझोंबी लागली. कुमुद त्या दुसऱ्याला हाकलायला वाकली आणि काळूनं तिच्या पोटरीचा चावा घेतला.

दहा मिनिटांत अंगणात माणूस मावेना. कुणी जखम साबणानं धूत होतं, कुणी तिखट भरा म्हणत होतं, तीन-चार जण काठ्या घेऊन काळूला मिश्राइनच्या भिंतीशी कोंडून उभे होते. इतक्यात सायकलवर पाध्ये आणि मागून गाडी ढकलत हल्के आला. पाध्यांनी आधी काठ्या खाली करवल्या. मग रजिस्टर उघडून विचारलं, "किसका है?"

माणसं एकेक पाऊल मागे सरकली. त्यांनी एकेकाला नावानं विचारायला सुरुवात केली. मिश्राइन पदर पुढे ओढून म्हणाली, "हमाओ नईंयाँ, भैया. हम तो बस सनीचर खों रोटी डारत." ड्रायव्हरनं खांदे उडवले. सोमणबाई म्हणाल्या, त्यांचा आहे तो बिल्लेवाला, हा नव्हे. पाध्ये काळूकडे बघून म्हणाले, "इतकं धष्टपुष्ट बेवारस जनावर मी नोकरीत पाहिलं नाही."

मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. चावलेल्या कुत्र्याला मालक असला, तर मालकानं त्याला आपल्या जबाबदारीवर दहा दिवस बांधून ठेवायचं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर ते पिसाळलेलं नव्हतं आणि बाईला काही धोका नाही. मालक नसला, तर खात्याकडे ठेवायला जागा नाही. नियमाप्रमाणे त्याला आजच्या आज संपवायचं. मग ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कधीच कळणार नाही आणि बाईला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील, गर्भ असो की नसो. कुमुद पायरीवर बसली होती. पोटात इंजेक्शनं हे ऐकून तिनं दोन्ही हात पोटावर धरले.

पाध्ये माझ्याकडे वळले. "वहिनीजी, तुमचा का?"

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? पण बिन नोंदीचं कुत्रं चावलं, की मालकावर अहवाल जायचा आणि सर्व्हिस शीटवर ठपका पडायचा. आमच्या यांचं नाव पॅसेंजर गाडीच्या गार्डांच्या यादीत चढायचं होतं, अगदी त्याच महिन्यात. कुमुदच्या सासरी काय म्हणतील तेही होतं. मी दारात उभ्या असलेल्या यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, इतकी थोडी की मलाच दिसली. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, कुणीतरी हो म्हणेलच. मिश्राइन म्हणेल. मिश्राइनला वाटत होतं, मी म्हणेन. पोळ्या घालताना सगळ्यांनी मिळून घातल्या होत्या, त्यामुळे नाही म्हणतानाही प्रत्येकाला आपला वाटा लहानच वाटत होता.

"आमचा नाही," मी म्हटलं.

पाध्ये खाली वाकले. काळूसाठी ठेवलेली पितळी ताटली उचलली, उलटी केली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. भांड्यांवर नावं घालायची आपली पद्धत. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर यांचं नाव आडनावासकट घातलेलं होतं. त्यांनी ताटली धोतराच्या सोग्यानं पुसावी तशी आपल्या कोटाच्या बाहीनं पुसली आणि माझ्या हातात दिली. "ताटली तुमची आहे. घ्या." मग पुन्हा विचारलं, अगदी हळू, "कुत्रा?"

"नाही," मी दुसऱ्यांदा म्हटलं. माझ्या नणंदेच्या पोटात चौदा सुया टोचायच्या की नाही, हे माझ्या एका शब्दावर होतं आणि माझ्या हातात माझीच ताटली होती.

पाध्यांनी रजिस्टर हल्केच्या पाठीवर टेकवलं आणि लिहायला लागले. रंग काळा. नर. वय अंदाजे चार. खूण, डाव्या कानाला फाट. पाचव्या रकान्यात लिहायला त्यांना जरा वेळ लागला. हल्केनं वाकल्या वाकल्या विचारलं, "का लिख रए, बाबूजी?" ते म्हणाले, "हमाओ नाम." गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाध्यांनी साखळी मागवली, खिशातून रुमाल काढून तो साखळीला गुंडाळला आणि दुसऱ्याची छत्री सांभाळून न्यावी तसे काळूला घेऊन निघून गेले.

रेल्वे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं : जखम लहान आहे, कुत्रा नजरेखाली आहे, दहा दिवस थांबू, पण कुत्रा मेला किंवा पळाला तर लगेच इंजेक्शनं सुरू. आता सगळं त्या काळ्या कुत्र्यावर आलं. रोज सकाळी भाजीचं निमित्त करून मी शेवटच्या क्वार्टरवरून जायची. काळू पाध्यांच्या अंगणात कडुलिंबाला बांधलेला असे, समोर बाजेवर पाध्ये. दफ्तरात जाताना ते हल्केला बसवून जात, कारण काठ्या घेऊन आलेली मंडळी अजून शांत झाली नव्हती. मी लांबूनच काळूची शेपटी हलताना पाहायची आणि घरी येऊन कुमुदला सांगायची, "हलतेय."

तिसऱ्या दिवशी शनिवार आला. साडेसाती काही कुत्रा चावला म्हणून थांबत नाही. आमच्या रांगेतले चार-पाच जण तेलाची पोळी पदराआड, रुमालाआड लपवून पाध्यांच्या कुंपणाशी आले. पाध्ये बाजेवरून उठले नाहीत. रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाले, "खाऊ घाला ना, जरूर घाला. फक्त इथे सही करा, की या कुत्र्याचा अर्धा मालक मी." सगळ्या पोळ्या जशा आल्या तशा परत गेल्या. त्या शनिवारी बाजारात कुठलंसं दुसरं काळं कुत्रं सापडलं म्हणतात.

सातव्या दिवशी काळूनं खाणं सोडलं. पिसाळलेलं कुत्रं आधी खाणं सोडतं, एवढं मलाही माहीत होतं. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. सकाळी गुरुवार होता. मी दूध-पोळी कुस्करली, वाटी पदराखाली घेतली आणि पाध्यांच्या फाटकाशी गेले. काळू पाय पसरून पडला होता. पाध्ये त्याच्यापुढे उकिडवे बसून भाताची थाळी पुढे सरकवत म्हणत होते, "खा रे बाबा. तुझ्यासाठी नको खाऊस. तिकडे एक पोर आहे पोटातलं, त्याच्यासाठी खा." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काळूनं मला पाहिलं आणि त्याची मान वर झाली. पाध्यांनीही पाहिलं. माझ्या हातून तो खाईल, हे त्या दोघांनाही कळलं होतं आणि मलाही.

पाध्ये उठले. बाजेवरचं रजिस्टर घेतलं, ते पान उघडलं आणि फाटकावर ठेवलं. त्यांच्या नावाखाली जागा होती. यादी अजून लागायची होती. मी वाटी पदराखालीच धरून परत फिरले.

त्या संध्याकाळी शेवटच्या क्वार्टरमधून पोळी करपल्याचा वास साऱ्या रांगेत पसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरला. तिसऱ्या प्रयत्नाला, हल्के सांगत होता, बाबूजींची पोळी गोल नव्हती पण खाण्यासारखी झाली आणि कल्लूनं ती दुधात कुस्करलेली चाटूनपुसून खाल्ली. अकराव्या दिवशी सकाळी वर्कशॉपचा भोंगा होताच पाध्ये साखळी धरून आमच्या फाटकाशी आले. "कुत्रं आहे," त्यांनी बाहेरूनच पुकारलं, "माझं आहे. दहा दिवस पूर्ण, तब्येत ठीक. डॉक्टरांना कळवलंय." कुमुद ओट्यावर येऊन मोठ्यानं रडली. मला रडायचीही लाज वाटली. दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली.

नियम तो नियम. बिन नोंदीचं कुत्रं चावलं होतं आणि त्याला आता मालक होता. तेव्हा इन्स्पेक्टर पाध्यांनी क्वार्टरवाल्या पाध्यांना नोटीस काढली, स्वतःच पोच घेतली आणि स्वतःच खुलासा केला. हल्केनं ती कागदपत्रं कुणाकडून तरी वाचून घेतली होती. 'सदर कुत्रा आपणाकडे केव्हापासून आहे?' 'आजपासून.' 'तत्पूर्वी कोणाकडे होता?' 'सर्वांकडे.' खाली शेरा : 'खुलासा असमाधानकारक.' कॉलनी आठवडाभर पोट धरधरून हसली. पाध्यांनी मात्र ते प्रकरण नियमाप्रमाणे वर पाठवलं आणि ते त्याच पाठ थोपटणाऱ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. कुत्र्यांच्या इन्स्पेक्टरचंच कुत्रं बिल्ल्याविना चावतं, म्हणजे काय! पाध्यांची बढती हाताखालच्या माणसाला मिळाली. आमच्या यांचं नाव यादीत आलं. कॉलनीत त्या कायद्याखाली कुणाला शिक्षा झालेली मी एकदाच पाहिली, ती ही.

काळू पाध्यांकडेच राहिला. गळ्यात बिल्ला, सकाळी साडेपाचला फिरणं, संध्याकाळी पुन्हा फिरणं, वेळेवर लस. वाटेत समोरून कुणी बिचकत विचारलं, "काही करत नाही ना?" तर पाध्ये थांबून प्रामाणिकपणे सांगत, "करतो. एकदा केलंय." लोक रस्ता सोडून जात. त्यांनी त्याला लाडानं हाक मारलेली मी ऐकली नाही. पण थंडीत त्याच्या पाठीवर पाध्यांचा जुना कोट असे.

तीन वर्षांनी त्यांची बीना जंक्शनला बदली झाली. जन्मभर झाशीचे दरवाजे न ओलांडलेल्या माणसाला पेन्शनीच्या तोंडावर बीना म्हणजे शिक्षाच. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीवर गार्ड नेमके आमचे हे होते आणि ब्रेकव्हॅनमधल्या कुत्र्याच्या पेटीची कडी त्यांनीच काढून धरली. मी तीन वर्षं मनात एक वाक्य घोळवत होते. पाध्यांनी माझं नाव झाकलं, माझा संसार सांभाळला, यजमानांची बढती वाचवली. हा माणूस वरून नारळासारखा असला तरी आतून किती मायाळू! मी म्हटलं, "पाध्येसाहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही आम्हाला वाचवलंत. आता प्रवासात त्याचे हाल कशाला? म्हातारा झालाय तो. ठेवा त्याला माझ्याकडे."

पाध्यांनी माझ्याकडे बघून बराच विचार केला, अर्जावर करतात तसा. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनीजी," ते म्हणाले. "तुम्हाला वाचवायला मी नाव लिहिलं नव्हतं. ताटली पाहिली तेव्हा तुमचंच लिहिणार होतो. पण हातात ताटली धरून जी बाई नाही म्हणते, तिच्याकडे कुत्रं दहा दिवस जिवंत राहील याची खात्री वाटेना. आपल्याला कुत्रं जिवंत पाहिजे होतं. बस, एवढंच." मग पिशवी उचलत, "आणि आता तर सवय झालीय त्याला माझ्या पोळ्यांची," म्हणाले, आणि गाडीत चढले. यांनी हिरवं निशाण दाखवलं. मी फलाटावर उभी राहिले. त्या माणसानं मला कधी मायेनं पाहिलं नव्हतं, नुसतं नीट पाहिलं होतं, आणि ते मला आजही सलतं.

पाध्ये स्वतः कधी गेले, ते मला कुणी कळवलं नाही. पण बदलीनंतर दोन वर्षांनी त्यांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. सुवाच्य अक्षर, चार ओळी. 'सौ. वहिनीजींस सप्रेम नमस्कार. काळू काल पहाटे वारला. त्रास झाला नाही. त्याला पहिली पोळी तुम्ही घातली होती, म्हणून कळवणे उचित वाटले. यजमानांस नमस्कार.'

हे तेव्हा ओट्यावर दाढी करत होते. मी कार्ड देवाच्या कोनाड्यात ठेवलं, न्हाणीघरात गेले आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं. ओल्या केसांनी बाहेर आले, तसे हे घाबरून उठले. तोंडाला अर्धा साबण तसाच.

"काय गं? पत्र आलं का कुणाचं? कोण गेलं?"

"आपला कुत्रा," मी म्हटलं.